"रोटरी काढ, व्ही-८ टाक" म्हणण्याआधी एवढं वाचा

एफडी आरएक्स-७ (माझ्दाची रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनाची स्पोर्ट्स कार) घेतली असं सांगितलं की समोरच्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "रोटरी लाखभर किलोमीटरच्या आत मरतेच, त्यापेक्षा ती काढून एलएस व्ही-८ (जनरल मोटर्सचं आठ सिलिंडरचं इंजिन) टाक, वजन तेवढंच, खर्च कमी, आणि मग डोक्याला ताप नाही". ज्यांनी १३बी, म्हणजे एफडीतलं दोन रोटरचं इंजिन, कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही तेही हे छातीठोकपणे सांगतात. मी ऑकलंडला राहतो, माझी एफडी १९९३ ची, जपानहून आलेली, आणि हेच ऐकून मीसुद्धा इंजिन काढायला निघालोच होतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"रोटरी मुळातच कमकुवत." नाही. १९९१ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत माझ्दाच्या ७८७बी नं जिंकली ती चार रोटरच्या इंजिनावर, आणि त्या इंजिनाला टर्बो नव्हता. हा टर्बोचा भाग महत्त्वाचा, कारण एफडीतलं टर्बोवालं १३बी-आरईडब्ल्यू मरतं ते बहुतेक वेळा उष्णतेनं नाहीतर नॉकिंगनं, म्हणजे आतलं पेट्रोल अवेळी भडकून बसणाऱ्या धक्क्यांनी. प्रत्येक रोटरच्या तीन टोकांवर दोन मिलिमीटर जाडीच्या एपेक्स सील, म्हणजे गॅस अडवणाऱ्या पट्ट्या, असतात. पिस्टनचं इंजिन थोडंफार नॉकिंग सहन करतं, ही सील करत नाही, तुटते, तुकडा हाउसिंगला (रोटरभोवतीच्या कवचाला) ओरखडे पाडत एक्झॉस्टमधून बाहेर जातो आणि जाता जाता टर्बोची पातीही खातो.

आता नॉकिंग का होतं ते बघा. लोक गाडी घेतात, डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्टचा पाइप), मोठा सायलेन्सर, मोकळा एअर फिल्टर सगळं एका महिन्यात लावतात आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मात्र कंपनीचाच ठेवतात. एक्झॉस्ट मोकळा झाला की मूळ वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह) पुरत नाही, बूस्ट म्हणजे तो दाब आपोआप वर सरकतो, पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग होतं आणि सील जाते. मग नाव रोटरीचं. खरं तर आधी बूस्ट गेज आणि ट्यूनिंग, मग पाइप, हा क्रम पाळला असता तर ते इंजिन आजही चाललं असतं.

उष्णतेचंही तसंच. कूलंटमधली हवा वेगळी करायची एक प्लास्टिकची टाकी असते, ती तीस वर्षांत जोडावर तडकते, कूलंट जातं, आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बराच वेळ मधेच उभा राहतो, तो वर सरकायला लागतो तोवर आतल्या रबरी सील भाजलेल्या असतात. अ‍ॅल्युमिनियमची टाकी आणि एक चांगलं वेगळं गेज एवढंच काम आहे हो! त्यासाठी कुणी इंजिन बदलतं का? रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

माझ्या गाडीचं सांगतो. ४,५०० आरपीएमपर्यंत मस्त ओढायची आणि तिथं दुसरा टर्बो यायच्या ऐवजी एकदम हवा गेल्यासारखी बसायची. एका गॅरेजमध्ये नेली, त्यांनी एक चक्कर मारली आणि सांगितलं कम्प्रेशन गेलंय, व्ही-८ चा अंदाज काढून देतो. कम्प्रेशन मोजलंच नव्हतं! आणि रोटरीचं कम्प्रेशन साध्या गेजनं मोजून कळतही नाही, कारण ते गेज तीन बाजूंपैकी सगळ्यात जास्त असेल तोच आकडा धरून ठेवतं, एक बाजू मेलेली असली तरी दिसत नाही. रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो, तो एका रोटरचे तीन असे दोन रोटरचे सहा आकडे देतो. मी दुसरीकडे ते करून घेतलं तर सहाच्या सहा जवळजवळ सारखे.

मग वरचा इनटेक मॅनिफोल्ड काढला. एफडीचे दोन टर्बो एकामागून एक कामाला लागतात आणि ते कधी लागायचं हे ठरवणारे व्हॉल्व्ह बारीक रबरी व्हॅक्युम नळ्यांवर चालतात, डझनावारी नळ्या, सगळ्या टर्बोच्या धगीत. माझ्या नळ्या वाळलेल्या कुरडईसारख्या कडक झाल्या होत्या, बोटानं दाबली की कट्कन आवाज. एक नळी सॉलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या) तोंडावर चिरलेली, सरळ धरली तर काही दिसत नव्हतं, वाकवली तेव्हा चीर उघडली. आणि एका बाजूनंच हवा सोडायचा जो छोटा व्हॉल्व्ह असतो त्यात फुंकून बघितलं तर दोन्हीकडून हवा जात होती. दोन शनिवार-रविवार लावून प्रत्येक नळीला चिकटपट्टीवर नंबर लिहीत सगळ्या सिलिकॉनच्या टाकल्या, व्हॉल्व्ह नवा घातला. त्यानंतर ४,५०० ला गाडीनं जी ओढ घेतली, मला अक्षरशः भरून आलं.

"वजन तेवढंच राहतं." अर्धं खरं, आणि ते मान्य करतो. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेलं ५.७ लिटरचं एलएस१ अ‍ॅल्युमिनियमचं आहे, पुशरॉड असल्यामुळे (कॅमशाफ्ट हेडऐवजी ब्लॉकमध्ये) हेड आटोपशीर, आणि रोटरीचे दोन टर्बो, इंटरकूलर, पाइप निघाले की फरक फार उरत नाही. पण स्वस्तात मिळतात ती ट्रकमधली लोखंडी ब्लॉकची, ती तीसेक-चाळीसेक किलोनं जड, आणि सल्ला देणारा "स्वस्त" म्हणताना हे इंजिन धरतो आणि "हलकं" म्हणताना ते.

"खर्च कमी." नुसत्या इंजिनाचा असेल. एफडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका लांब फ्रेमनं एकमेकांना बांधलेले असतात, एलएससोबत टी५६ गिअरबॉक्स टाकला की साधारणपणे ती फ्रेम जाते, म्हणजे डिफरन्शियल धरायला नवीन माउंट. पुढचा सबफ्रेम, ऑइल पॅन, प्रोपेलर शाफ्ट, पेट्रोल पंप, रेडिएटर, वायरिंग, आरपीएमचा काटा चालावा म्हणून वेगळा सिग्नल, एसीचे पाइप. त्यात बरेचसे किट अमेरिकेतल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या धरून बनवलेले, आपल्याकडे उजव्या बाजूला हेडर (एक्झॉस्टचे पाइप) आणि स्टिअरिंगचा दांडा एकाच जागेसाठी भांडतात. वर इथं न्यूझीलंडमध्ये असं व्ही-८ टाकलं की गाडीचं एलव्हीव्ही (फेरफार केलेल्या गाडीच्या तपासणीचं) सर्टिफिकेट घ्यावं लागतं. आणि हे सगळं करताना वायरिंगचा एक जोड कच्चा राहिला की "डोक्याला ताप नाही" तिथंच संपलं, अर्धवट स्वॅप (इंजिनाची अदलाबदल) होऊन कव्हरखाली पडलेल्या गाड्या मी पाहिल्यात, वाईट वाटतं.

"तेल पिते." पिते, कारण तसंच बनवलंय. एक पंप मुद्दाम इंजिन ऑइल आत सोडतो, त्यावर एपेक्स सील घसरतात. पेट्रोल भरताना डिपस्टिक बघायची, विषय संपला.

व्ही-८ टाकूच नये असं माझं म्हणणं नाही. इंजिन नसलेला सांगाडा मिळाला असेल, ड्रिफ्टिंगसाठी खालच्या आरपीएमलाच ताकद हवी असेल, हाउसिंग खरोखर गेलेली असतील, तर खुशाल टाका, चांगलं केलेलं स्वॅप मलाही बघायला आवडतं. पण चालू १३बी काढायला निघाला असाल तर आधी ते सहा आकडे काढा. सहाही चांगले असून तुम्हाला ते नकोच असेल तर मला सांगा, ट्रेलर घेऊन येतो, मला एक स्पेअर हवंच आहे.