सीडी16ए, ई. कोलाय आणि 162 वरची साखर

नमस्कार,

सीडी16ए हा एनके या रोगप्रतिकारक पेशींवरचा, अँटीबॉडीला पकडणारा मानवी रिसेप्टर. त्याचं रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत दुसऱ्या पेशींकडून बनवून घेतलेलं) प्रथिन घ्यायचं तर एचईके293 या मानवी पेशींत बनवलेलंच घ्या, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमिनो आम्लांचा क्रम तोच असेल तर ई. कोलाय या जिवाणूमधलं स्वस्त प्रथिन का नको? 22 किलोडाल्टनचं प्रथिन जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीत) 40 च्या आसपास पसरट दिसतं, म्हणजे माल अशुद्ध. आणि मी कंपन्यांची तळी उचलतोय.

जेलचं आधी उरकतो. या रिसेप्टरच्या पेशीबाहेरच्या भागावर पाच ठिकाणी शर्करासाखळ्या बसतात, आणि प्रत्येक रेणूवर त्या सारख्या नसतात. म्हणून बँड (जेलवरचा पट्टा) वर सरकतो आणि फिसकटतो. थोडा नमुना पीएनगेज-एफ हे साखळ्या तोडणारं विकर घालून पुन्हा चालवा. बँड खाली येऊन रेखीव झाला तर ती साखरच होती. नाही झाला, तर खुशाल विक्रेत्याला धारेवर धरा.

खरा मुद्दा अमिनो आम्लांच्या क्रमातल्या 162 व्या अ‍ॅस्परजिनवरच्या साखळीचा आहे. अँटीबॉडीच्या एफसी भागावरही (तिची शेपटी, रिसेप्टर पकडतो ती) 297 व्या जागी एक साखळी असते आणि तिच्या बुडाशी बहुधा फ्यूकोज हे शर्करेचं एकक असतं. ते नसेल तर अँटीबॉडीची साखळी आणि रिसेप्टरची 162 वरची साखळी एकमेकींना अगदी जवळून भिडतात आणि पकड कित्येक पटींनी वाढते. 2002 साली 50 पटींपर्यंतची वाढ नोंदवली गेली. 2013 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ओबिनुटुझुमॅब या कर्करोगावरच्या अँटीबॉडी औषधात फ्यूकोज मुद्दाम कमी केलंय, ते याचसाठी. आता 162 वरची साखर काढून टाका: फ्यूकोज असलेली आणि नसलेली अँटीबॉडी यांतला हा मोठा फरक जवळजवळ पुसला जातो. नेहमीचं ई. कोलाय ही साखर लावतच नाही. तुम्ही रिटुक्सिमॅब या अँटीबॉडी औषधाच्या बायोसिमिलरचे (मूळ औषधाशी मिळत्याजुळत्या प्रतीचे) लॉट त्यावर तपासलेत तर यंत्र सुरळीत चालेल, आलेख देखणे येतील आणि जो फरक शोधायला बसलात नेमका तोच दिसणार नाही. वाचवलेले पैसे कुठे गेले मग?

रिसेप्टरच्या 158 व्या जागेवर व्हॅलिन की फिनाइलअ‍ॅलनिन, याला तुम्ही ‘किरकोळ’ म्हणता. फॉलिक्युलर लिंफोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या 49 रुग्णांना नुसतं रिटुक्सिमॅब दिलेला 2002 चा फ्रेंच अभ्यास पाहा: दोन महिन्यांनी जनुकाच्या दोन्ही प्रती व्हॅलिनच्या असलेल्यांत प्रतिसाद 100 टक्के, बाकीच्यांत 67. अभ्यास लहान होता, आणि पुढे केमोथेरपी जोडल्यावर हा फरक दर वेळी दिसला नाही, हे खरं. पण बाटलीत कोणता प्रकार आहे हे ठाऊक नसताना दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवण्यात काही हशील नाही. (काही लेबलांवर 158 ऐवजी 176 छापलेलं असतं. जागा तीच, मोजणी सिग्नल पेप्टाइडपासून (प्रथिनाच्या सुरुवातीचा, नंतर कापला जाणारा तुकडा) केलेली.)

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती तुम्ही मांडली नाहीत म्हणून मीच मांडतो. एचईके म्हणजे काही एनके पेशी नव्हे. तिथल्या साखळ्यांची ठेवण वेगळी असते. तेव्हा एचईकेवरचा आकडा शरीरातला आकडा म्हणून कुणी खपवू लागलं तर मीही तुमच्यासोबत भांडेन. लॉटची एकमेकांशी तुलना करायला मात्र तो चालतो.

आणि तुम्हाला फक्त वेस्टर्न ब्लॉटसाठी (अँटीबॉडीने प्रथिन ओळखायची चाचणी) पॉझिटिव्ह कंट्रोल हवा असेल, तर तुमची अँटीबॉडी साखर नसलेलं प्रथिन ओळखते का एवढं बघा आणि बिनधास्त ई. कोलायमधलं मागवा. पेशींवर घालणार असाल तर एंडोटॉक्सिनचा (जिवाणूंच्या आवरणातलं विष) आकडा आधी मागून घ्या.