आण्णांनी माझं मैदान पाहिलं तो दिवस

आज दुपारपासून डोकं तापलंय. जेवणाचं ताट झाकून ठेवलंय आणि हे लिहायला बसलोय. एखादा शब्द जास्त गेला तर सांभाळून घ्या.

लंडनमधल्या टॉटनहॅमवेड्या, म्हणजे टॉटनहॅम हॉटस्पर (स्पर्स) या फुटबॉल क्लबच्या नादी लागलेल्या मराठी मंडळींचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. त्यात गेल्या वर्षी शिकायला आलेलं एक पोरगं आहे. आपल्या मॅचचं तिकीट त्याला अजून एकदाही जमलेलं नाही. आज, १२ ऑक्टोबर २०२५ ला, आपल्या स्टेडियमवर एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा सामना होता, ब्रॉन्कोज विरुद्ध जेट्स. मित्राकडं एक तिकीट जास्तीचं होतं म्हणून हा गेला. आत पोचल्यावर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘शेवटी आत आलो!’

झालं. दहा मिनिटांत त्याच्यावर सगळे तुटून पडले. लाज वाटत नाही का, हेल्मेटवाल्यांची सर्कस बघायला आपलं देऊळ मिळालं का, खरा स्पर्सवाला त्या दिवशी तिकडं फिरकत नाही. पोरानं फोटो काढून टाकला आणि ‘सॉरी’ लिहिलं.

ते सॉरी मला फार लागलं. कारण सहा वर्षांपूर्वी त्याच स्टेडियममध्ये मी माझ्या वडिलांना घेऊन गेलो होतो, आणि त्या दिवशीही तिथं हीच हेल्मेटवाली मंडळी खेळत होती.

६ ऑक्टोबर २०१९. नव्या स्टेडियममधला पहिला एनएफएल सामना, ओकलंड रेडर्स विरुद्ध शिकागो बेअर्स. आण्णा कोल्हापूरहून दहाच दिवसांसाठी आले होते, नातीच्या बारशाला. आई तीन महिने राहिली, पण आण्णांना दुकान बंद ठेवणं सोसत नाही. ते बुधवारी सकाळी उतरले. आदल्या मंगळवारी रात्री आपण त्याच मैदानात जर्मनीच्या बायर्नकडून २-७ असा मार खाल्ला होता. आपल्या सॉननं पहिला गोल केला तेव्हा गळा फाटेस्तोवर ओरडलेला मी, शेवटी त्यांच्या नाब्रीचा चौथा गोल बघत दगडासारखा बसलो होतो. शनिवारी इकडं बारसं आणि तिकडं ब्रायटनला आपण ०-३ हरलो. पुढची घरची मॅच १९ तारखेला, वॉटफर्डशी. आण्णांचं विमान त्याच्या आधीच होतं.

म्हणजे काय, तर आण्णांना माझं मैदान दाखवायचं तर तो एकच रविवार हाताशी होता. आणि त्या रविवारी तिथं फुटबॉल नव्हता.

आता आण्णा कोण, ते सांगायला हवं. शिवाजी पेठेतला माणूस. शाहू स्टेडियमवर आपलं शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध पाटाकडील तालीम अशी मॅच असली की दुकानाचं शटर अर्ध्यावर. मला फुटबॉल लागला तो त्यांच्या खांद्यावर बसून. टीव्हीवर रात्री-अपरात्री टॉटनहॅम बघायला लागलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, ‘ही तालीम कुठल्या पेठेची?’ मी म्हटलं, उत्तर लंडनची. तेव्हापासून त्यांच्यासाठी टॉटनहॅम म्हणजे माझी तालीम.

तर आम्ही गेलो. सेव्हन सिस्टर्सला उतरून हाय रोडनं चालत. आत शिरल्यावर आण्णांनी पहिला प्रश्न विचारला तो खेळाचा नव्हता. ‘आरं, हे गवात नव्हं. खरं गवात कुठाय?’

मी सांगितलं, आपलं गवत तीन तुकड्यांत सरकतं आणि या साउथ स्टँडच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या प्रेक्षक-गॅलरीच्या पोटात जाऊन बसतं. वर दिसतंय ते त्याच्या दीडेक मीटर खाली असलेलं कृत्रिम मैदान. आत आपल्या गवताला दिवे लावून ऊन देतात, पाणी देतात. आण्णांनी पायाखाली बघितलं, मग माझ्याकडं. ‘म्हंजे आपल्या बुडाखाली हाय व्हय? मग बरं झालं. त्येच्यावर ह्ये रेडे नाचवू नयेत.’

ग्रुपमधल्या शहाण्यांना माझं पहिलं सांगणं हेच. आपल्या गवताला त्या लोकांचा बूट लागत नाही. त्यांची ड्रेसिंग रूमसुद्धा वेगळी बांधलेली आहे. ज्या अपवित्रपणाच्या नावानं तुम्ही गळा काढताय तो होऊ नये म्हणूनच एवढा खटाटोप केलाय.

हो, वेम्बलीचं मलाही आठवतंय, आठवण करून द्यायला नको. २००७ च्या ऑक्टोबरात जायंट्स आणि डॉल्फिन्स या एनएफएल संघांनी पावसात तिथलं मैदान उकरलं. तीन-साडेतीन आठवड्यांनी इंग्लंड त्याच मैदानावर क्रोएशियाकडून २-३ हरलं आणि युरो २००८ ला मुकलं. आणि २९ ऑक्टोबर २०१८ ला तर मी स्वतः तिथं होतो. आपलं नवं घर तयार झालं नव्हतं, म्हणून वेम्बलीत भाड्यानं राहत होतो. आदल्या दिवशी तिथं एनएफएलचं ईगल्स-जॅग्वार्स झालेलं. मैदानाच्या मधोमध एनएफएलचं चिन्ह पुसट दिसत होतं, गवताची चिंधी झालेली, आणि मँचेस्टर सिटीनं महरेझच्या गोलवर १-० नं आपल्याला हरवलं. शेवटी शेवटी आपल्या लामेलानं समोर आलेला बॉल गोलवरून उडवला तेव्हा मी त्या मैदानाला काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. हे सगळं कबूल. पण वेम्बलीचा राग टॉटनहॅमवर, आणि तोही एका विद्यार्थ्यावर कशाला काढता?

आणि एक विचारतो, राग मानू नका. याच जूनमध्ये बियॉन्सेच्या सहा रात्री झाल्या आपल्या स्टेडियमवर. २०२१ मध्ये उसिक आणि जोशुआ हे बॉक्सर तिथं एकमेकांना ठोसे मारून गेले. तेव्हा कुणाचं देऊळ बाटलं नाही? तेव्हा तुम्हीच तर साउथ स्टँडचे फोटो टाकून ‘बघा आमचं घर’ लिहीत होता. मग आज त्या पोरानं दोन शब्द लिहिले तर त्याची जीभ का ओढता?

पुन्हा आण्णांकडं येतो, कारण मला जे म्हणायचंय ते त्यांच्याच खुर्चीत आहे.

आमची तिकिटं वरच्या कोपऱ्यातली होती. आण्णा म्हणाले, ‘तू रोज कुठं बसतोस ते दाखव.’ मध्यंतरात त्यांना घेऊन साउथ स्टँडमध्ये माझ्या जागेपर्यंत गेलो. माझ्या खुर्चीत ग्रीन बेचा हिरवा-पिवळा शर्ट घातलेला एक दांडगा माणूस बसला होता. म्हणजे त्या दिवशी खेळत असलेल्या दोन्ही संघांपैकी कुणाचाच नाही! एनएफएलच्या दिवशी तिथं हे असंच असतं, बत्तीसच्या बत्तीस संघांचे शर्ट मांडीला मांडी लावून बसलेले. आपल्याकडं कट्टर वैरी आर्सेनलचा शर्ट घालून साउथ स्टँडमध्ये कुणी बसेल का? आण्णांना हे जाम नवल वाटलं. ‘आणि भांडणं?’ मी म्हटलं, नाहीत. ‘पाटाकडीलवाला आपल्यात बसून चहा पितोय म्हणायचं.’ चहा कसला, बिअर. तीही सीटवर बसून. आपल्या मॅचला १९८५ च्या कायद्यानं मैदान दिसेल अशा जागी दारूचा घोट घेता येत नाही, आणि यांना त्याच खुर्चीत ग्लास चालतो. याचा मला आजही राग येतो. आमच्यावर विश्वास नाही आणि त्यांच्यावर आहे, असाच याचा अर्थ होतो.

तर त्या माणसाला मी सांगितलं, ही माझी नेहमीची जागा, हे माझे वडील, भारतातून आलेत. तो काही न बोलता उठला. आण्णांना हात धरून बसवलं आणि स्वतः पायऱ्यांवर उभा राहिला. आण्णा पाच-सात मिनिटं बसले. दोन्ही हात खुर्चीच्या कडेवर ठेवून, मान इकडून तिकडं फिरवत. मला विचारलं, ‘तुमचा केन गोल मारतो ते ह्या बाजूला का?’ मी म्हटलं, दुसऱ्या हाफमध्ये बहुतेक वेळा याच बाजूला. त्यांनी मान डोलवली. बस, एवढंच.

आणि खेळ? तोही त्यांना कळला, माझ्याआधी कळला. मी चार प्रयत्न, दहा यार्ड असं काहीबाही समजावत होतो. पहिल्या हाफात रेडर्स १७-०, मग तिसऱ्या भागात बेअर्सचे २१, शेवटची दोनेक मिनिटं राहिली असताना रेडर्सचा जेकब्स घुसला आणि रेडर्स २४-२१ नं जिंकले, हे सगळं मी आकड्यांत मोजत होतो. आण्णांचं लक्ष बॉलवर नव्हतंच. ते बघत होते मैदानात समोरासमोर भिडणाऱ्या पुढच्या फळीतल्या त्या अगडबंब गड्यांकडं. ‘ही तर खासबागेतली पोरं. बघ, ज्याची कंबर खाली त्यो जिंकतोय. वर उठला की गेला.’ त्यानंतर मीही तसंच बघू लागलो आणि पहिल्यांदा मला त्या खेळात खेळ दिसला. थांबून थांबून चालणारा धंदा म्हणून मी ज्याला हसायचो, त्यात दर तीस-चाळीस सेकंदांनी दहा कुस्त्या एकदम लागतात. कुस्ती बघितलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

तरी मी काही त्यांचा भक्त झालो नाही. आजचा सामना तर ऐकून वाईटच होता, १३-११. जेट्सच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या गड्याला, नऊ वेळा आडवं केलं आणि पासिंगचं त्यांचं एकूण अंतर उणे १० यार्ड. वर्षातून एकदा जावं, बघावं, घरी यावं, एवढीच माझी ओढ. पण ती ओढ म्हणजे गद्दारी? पाहुण्याची पंगत आपल्या अंगणात बसली म्हणून आपलं घर त्याचं होत नाही.

आता जे खरंच बोलायला हवं ते बोलतो, कारण इथं माझा आवाज चढणार आहे.

त्या दिवशी आमच्या खालच्या रांगेत रेडर्सचा काळा-रुपेरी शर्ट घातलेलं एक म्हातारं जोडपं होतं, ओकलंडहून आलेलं. बाई म्हणाल्या, ही आमची घरची मॅच आहे. मला आधी कळलंच नाही. घरची मॅच, लंडनमध्ये? तेव्हा त्यांच्या संघाला हंगामात घरच्या मॅचेस मिळायच्या आठ, त्यातली एक इकडं पाठवलेली. आणि तो त्यांचा ओकलंडमधला शेवटचा हंगाम. २०२० मध्ये संघ लास वेगासला गेला. बाईंच्या हातात एक जुनं तिकीट होतं, त्या त्याच्याशी चाळा करत होत्या. आण्णांना मी हे मराठीत सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘पेठ सोडून तालीम गेली म्हंजे तालीम कसली ऱ्हायली?’

मित्रांनो, रागवायचंच असेल तर इथं रागवा! आपल्या घरी कोण आलं यावर नाही, आपलं घरचं काय बाहेर चाललंय यावर. २००८ मध्ये प्रीमियर लीगनं हंगामातल्या अडतीस सामन्यांवर एक जादा, एकोणचाळिसावा सामना परदेशात खेळवायची टूम काढली होती, चाहत्यांनी ती हाणून पाडली. आणि आता? गेल्या सोमवारीच यूईएफएनं, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल महासंघानं, नाइलाजानं का होईना, परवानगी दिली. व्हिलारियाल-बार्सिलोना मायामीत, मिलान-कोमो ऑस्ट्रेलियात पर्थला न्यायचा बेत ठरला. लीगचे सामने! व्हिलारियालच्या माणसानं आपली घरची मॅच बघायला समुद्र ओलांडायचा. यावर आपल्या ग्रुपवर किती मेसेज आले? मी वर जाऊन मोजले. तीन. त्यातला एक माझा. त्या पोराच्या फोटोवर सत्तेचाळीस.

उद्या आपली आर्सेनलशी मॅच न्यूयॉर्कला नेली तर या सत्तेचाळीसांतले किती जण रस्त्यावर येतील? तो पोरगा येईल, हे मी लिहून देतो. कारण त्याला आत जायला किती वाट बघावी लागली ते त्याला ठाऊक आहे.

स्टेडियमला पैसे हवेत म्हणून हे सगळं चालतं, हे मलाही दिसतं. त्या पैशांतून आपल्याला काय मिळतं, यावर भांडा, मी तुमच्या बाजूनं उभा आहे. पण दारात आलेल्या पोराला तू खरा नाहीस म्हणून हाकलू नका. सतरा वर्षं करंडकाची वाट बघून मे महिन्यात बिल्बाओला युरोपा लीग जिंकल्याचा दिवस दिसला तेव्हा आपण हाय रोडवर अनोळखी माणसांच्या गळ्यात पडून रडत होतो. तेव्हा विचारलं होतं का कुणी, की बाबा, तू पहिल्यांदा इथं कुठली मॅच बघायला आलास?

पोरा, तू हे वाचत असशील तर तो फोटो परत टाक. सॉरी मागे घे. पुढच्या घरच्या मॅचला माझं सीझन तिकीट तुला, रीतसर तुझ्या नावावर करून देतो. ती खुर्ची माझ्या वडिलांनी बसून बघितलेली आहे, नीट बस.

दुपारी चारला रागारागात आण्णांना फोन केला. तिकडं रात्रीचे साडेआठ. त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, विमानाचा प्रवास बंद झालाय. माझं मैदान त्यांनी बघितलं ते तेवढंच. सगळं भांडण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दरवर्षी ऑक्टोबरात विचारतात तेच विचारलं, ‘त्यो हिरव्या-पिवळ्या शर्टवाला भेटला का रं परत?’

म्हटलं, नाही आण्णा, साठ हजारांत कुठं भेटणार.

‘मग जात जा की दरसाल,’ म्हणाले. ‘त्येनं मला जागा दिली हुती.’