स्टॅम्प पेपर म्हणजे करार नव्हे

'पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या झाल्या की करार पक्का' हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. तासगावला आमची द्राक्षबाग आहे. व्यापाऱ्याने असाच स्टॅम्प करून दिला होता, 'चांगला माल योग्य दराने घेईन.' चांगला म्हणजे किती गोडीचा, चार किलोच्या पेटीला दर किती, पैसे कधी? काहीच नाही. अर्ध्या बागेचा माल तोडून व्यापारी गायब! वकिलांनी कागद वाचून आधी कपाळाला हात लावला, मग १८७२ च्या करार कायद्याचं कलम २९ दाखवलं: अर्थ निश्चित नाही आणि करताही येत नाही, तो करार रद्दबातल.

आता वाण, वजन, दर आणि पैशाची तारीख कागदावर आल्याशिवाय बागेत कात्री लावू देत नाही. स्टॅम्प नंतर, आधी हे.