लूप लाल होईपर्यंत थांबा

'मॅडम, तुमचे रिसर्च पेपर किती?' मायक्रोबायॉलॉजी शिकवणाऱ्याला हा प्रश्न हमखास येतो. माझे मोजकेच आहेत आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. पोरांच्या हाताला लागलेलं वळण एपीआयच्या (प्राध्यापकांच्या कामाला गुण देणाऱ्या तक्त्याच्या) कुठल्या रकान्यात भरायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

आमचा विषय हाताचा आहे. एफवायची मुलं घोकून येतात: ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. पण लूप (जिवाणू उचलायची तारेची कडी) ज्योतीत लालबुंद होईपर्यंत धरायचा, निवू द्यायचा, प्लेटचं झाकण जेमतेम तिरकं करायचं, हे अंगवळणी पडायला वर्ष जातं. घाई केली की गरम लूप अगारमध्ये (प्लेटमधल्या जेलीत) चर्रकन वाजतो आणि अख्ख्या बॅचला कळतं.

दरवर्षी पहिल्याच प्रॅक्टिकलला मी प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिनबद्दल सांगायचे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. या माणसाने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. मुलांना हा भाग आवडतो. मला पुढचा हवा असतो. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. ठपका लस बनवणाऱ्या हाफकिनच्या मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिनला पदावरून दूर केलं. खरं तर गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करताच त्याच चिमट्याने बूच काढलं गेलं होतं. मलेरियावर काम करणाऱ्या रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरली, तेव्हा कुठे १९०७ मध्ये हाफकिनवरचा डाग पुसला गेला. त्याच प्रयोगशाळेच्या परळच्या संस्थेला त्याचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये! एवढं ऐकल्यावर मातीत टेटॅनसचे (धनुर्वाताचे) स्पोअर, म्हणजे चिवट बीजाणू, असतात हे फळ्यावर लिहावं लागत नाही.

इम्युनॉलॉजीचे, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या विषयाचे, हाल जास्त. सगळा विषय बाणांच्या आकृत्यांत अडकलेला. एलायझाचं (अँटिबॉडी मोजायच्या चाचणीचं) किट महाग, म्हणून विडाल (टायफॉइडची चाचणी), ब्लड ग्रुपिंग आणि फार तर ऑक्टरलोनी (अगारमधली अँटिबॉडीची चाचणी) झालं की जर्नल पूर्ण. तरी अगारमध्ये अँटिजेन (शरीराला परका पदार्थ) आणि अँटिबॉडी (त्याच्याशी लढणारं प्रथिन) भेटतात तिथे उमटलेली पांढरी रेघ ज्याने बघितली, त्याला तो धडा पुन्हा वाचावा लागत नाही. २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, रिपोर्टमधल्या अँटिबॉडीच्या प्रकारांपैकी आयजीएम म्हणजे काय नि आयजीजी म्हणजे काय, हे विचारायला दूरदूरच्या नातेवाइकांचे फोन यायचे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काही जण तेव्हा पीपीई घालून स्वॅब तपासत होते.

आता हे सगळं शिकवतंय कोण? बहुतेक ठिकाणी सीएचबीवरची (तासिका तत्त्वावरची) तरुण पोरं. नेट-सेट झालेली, काही तर पीएचडी केलेली. प्रॅक्टिकल वेळापत्रकात दिसतं तेवढंच नसतं. मीडिया (जिवाणूंचं खाद्य) आदल्या दिवशी करावा लागतो, कल्चर (वाढवलेले जिवाणू) ताजं ठेवावं लागतं, वाढ बघायला दुसऱ्या दिवशी यावं लागतं. जिवाणू सुट्टी बघून वाढत नाहीत. पैसे मात्र फक्त शिकवलेल्या तासाचे, तेही महिनोन्‌महिने रखडलेले. पेपर मोजा, जरूर मोजा. पण आधी या पोरांच्या तयारीचे तास मोजा, आणि भरतीची जाहिरात काढा.