हेडसेट कानाबाहेर बसतो, म्हणून आवाज फुल्ल चालतो?

'टीव्ही-हेडसेट घेताय? दुकानदार हे सांगणार नाहीत' असा एक लांबलचक मेसेज सध्या कोल्हापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. सोसायटी, तालीम, शाळेतले पालक, कुठलाच ग्रुप सुटलेला नाही. मी वाचून सोडून देत होतो. परवा ताईचा फोन आला, "मोठा हेडसेट कानाला सेफ असतो म्हणे. आणला की मी त्याला. आता कितीबी मोठ्यानं खेळू दे." भाचा नववीत आहे, रात्री जेवण झालं की गेमला बसतो. आता गप्प बसून चालणार नाही.

मेसेजमधला पाचवा मुद्दा असा: 'इअरबड कानात घुसतात म्हणून बहिरेपण येतं. गेमिंग हेडसेट कानाबाहेर बसतो, त्यामुळे फुल्ल आवाजातही मुलांना धोका नाही.'

हे साफ खोटं आहे. इजा होते ती आतल्या कानात, कॉक्लिया म्हणजे शंखासारख्या भागातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींना. आवाज बडमधून आला काय किंवा मोठ्या कपातून आला काय, कानाच्या पडद्यापर्यंत किती डेसिबल पोचले आणि किती वेळ पोचत राहिले, एवढाच हिशेब तिथं चालतो. माणसाच्या या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेनं हा हिशेब मांडून ठेवलाय. मोठ्या माणसाला ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, मुलांना ७५ डेसिबल ४० तास. त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ७८ ला २० तास, ८१ ला १०. ९० डेसिबलला मुलांच्या वाट्याला येतो सव्वा तास, तोही अख्ख्या आठवड्याचा. आणि गोळीबाराच्या गेममध्ये हेडफोनमधून येणारा सरासरी आवाज ८५ ते ९१ डेसिबलच्या दरम्यान मोजला गेलाय. शनिवारच्या एका रात्रीत पोराचा आठवडा संपतो. वर स्फोट आणि गोळ्यांचे अचानक येणारे दणके सरासरीच्या कितीतरी वर जातात, ते वेगळेच.

राजारामपुरीत मिरवणुकीला डॉल्बीची भिंत आली की हीच ताई पोराच्या कानांवर हात ठेवून त्याला बोळात ओढते. तिला धोका कळतो, कारण तिथं आवाज तिच्याही छातीत धडधडतो. हेडसेटचा आवाज घरात दुसऱ्या कुणाला ऐकूच येत नाही. म्हणूनच हा मुद्दा इतका घातक आहे: ज्या आयांनी आवाज कमी करायला सांगितलं असतं, त्यांनाच या मेसेजनं निर्धास्त केलं.

यात खरं आहे ते एवढंच: कानाभोवती घट्ट बसणारा हेडसेट पंख्याचा, रस्त्याचा आवाज अडवतो, त्यामुळे कमी आवाजात भागतं. भागतं, पण आवाज खरंच कमी ठेवला तर! फुल्ल आवाजाच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ नका, हाही त्याच संघटनेचा सल्ला. पोरं आवाज वाढवतात ती शत्रूच्या पावलांची चाहूल लागावी म्हणून. त्यासाठी विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये बऱ्याच कॉम्प्युटरवर 'लाउडनेस इक्वलायझेशन' असतं, ते चालू करा. बारीक आवाज वर येतात, स्फोट दबतात. हेडसेट काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा बोलणं गुदमरल्यासारखं ऐकू येत असेल तर आवाज जास्त होता. दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

हेडसेटवर ७.१ लिहिलेलं असतं, त्यावर मेसेज म्हणतो, '७.१ म्हणजे आत सात स्पीकर, आवाज वाटला जातो.' हेही सोडा. बहुतेक हेडसेटमध्ये एका कानाला एकच स्पीकर असतो, बाकीची दिशा सॉफ्टवेअर भासवतं. कानावर पडणारा आवाज त्यानं कमी होत नाही.

टीव्हीचे मुद्दे पटकन उरकतो. 'एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी सगळं एकच.' पहिल्या दोघांबद्दल नाइलाजानं मान्य करतो: दोन्ही एलसीडीच, मागून उजेड टाकणारे, क्यूएलईडीत क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांमुळे रंग जास्त भरतात. ओएलईडी मात्र वेगळा, त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. अंधाऱ्या खोलीत काळा रंग बघा, लगेच कळेल.

'दुकानात जो सगळ्यात उजळ दिसेल तो घ्या.' अजिबात नको. दुकानात टीव्ही बहुधा डेमो मोडवर, भडक रंगांत लावलेला असतो. सेल्समनला सिनेमा मोड लावायला सांगा, आणि कंपनीच्या चकचकीत व्हिडिओऐवजी बातम्या नाहीतर कुस्ती-क्रिकेट लावून बघा.

'रिमोटनं बंद केलेला टीव्ही चालू टीव्हीएवढीच वीज खातो.' स्टँडबायला साधारण अर्धा वॅट धरला तर वर्षाला साडेचार युनिटसुद्धा होत नाहीत. टीव्ही झटकन चालू करणारं क्विक स्टार्ट सेटिंग चालू असेल तर जास्त जाते, ते बंद करा. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की प्लग मात्र जरूर काढा.

मेसेजच्या शेवटी 'डॉक्टरांनी प्रमाणित' असं लिहिलंय. कुठल्या डॉक्टरांनी, हे कुठंच नाही. ज्या ज्या ग्रुपवर तुम्ही हा मेसेज पुढं पाठवलाय, तिथं आजच्या आज ७५ डेसिबल आणि ४० तासांचा हिशेब टाका. ताईच्या ग्रुपवर मी टाकलाय, आणि भाच्याच्या कॉम्प्युटरचं सेटिंग रविवारी मी स्वतः जाऊन बदलणार आहे.