काटा ७०वर, तरी सिगार का विझते? : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया सडेतोड आहे, आवडली. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात: नवा ह्युमिडॉर (सिगार ओलाव्यात जपायची लाकडी पेटी) ओल्या फडक्याने पुसून घ्यायला मी उगाच मनाई केली, ६५ टक्के आर्द्रता कमी पडते, डिस्टिल्ड पाणी म्हणजे नुसते चोचले. शिवाय तुमच्या पेटीचा आर्द्रतेचा काटा कायम ७०वर असतो, तरी सिगार मध्येच विझतात, ओढायला जोर लागतो, म्हणजे दोष सिगारचाच.

काट्यापासूनच सुरुवात करू. झाकणात बसवून येणारे काट्याचे हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) ५ ते १० टक्क्यांनी चुकणं यात नवल काही नाही. तुम्ही सांगितलेली लक्षणं तर जास्त ओलाव्याची आहेत: आतली पानं फुगली की हवेला वाट उरत नाही. कोरडी सिगार याच्या उलट, भराभर आणि गरम जळते. तेव्हा आधी मापक तपासा. बाटलीच्या टोपणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळता कामा नये, वर पाणीही साचू नये. टोपण आणि हायग्रोमीटर एकमेकांना न लागता हवाबंद पिशवीत शेजारी ठेवा, पिशवीत थोडी हवा राहू द्या. खोलीच्या तापमानाला आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. रात्रभरानंतर काटा ६८ दाखवत असेल, तर तुमचे ७० म्हणजे साधारण ७७!

आता फडकं. आतलं स्पॅनिश सीडर लाकूड पाणी पृष्ठभागावरच पितं. रेषा उठतात, फळी वाकते, झाकण नीट बसत नाही आणि मग ओलावा कायमचा गळत राहतो. त्यापेक्षा रिकाम्या पेटीत ८४ टक्क्यांची आर्द्रता-पाकिटं (आतला ओलावा तेवढ्याच पातळीवर राखणारी) ठेवा, दर २५ सिगारच्या जागेला ६० ग्रॅमचं एक. झाकण बंद करून १४ दिवस पेटीला हात लावू नका. लाकूड तहानलेलं राहिलं तर ते सिगारमधलंच पाणी ओढणार.

६५ की ७०, यावर भांडण नाही. ७० चूक नाही, पण वर जायला जागाच उरत नाही. ६५ला चुकून ४ टक्के वाढले तरी बिघडत नाही, ७०ला वाढले की बुरशीची धास्ती. तापमान १८ ते २१ अंशांत ठेवा. २४च्या पुढे गेलं की तंबाखूच्या किड्याची अंडी उबायला पोषक हवा मिळते. रॅपरवर, म्हणजे सिगारच्या सर्वांत बाहेरच्या पानावर, टाचणीने पाडल्यासारखी गोल भोकं दिसली तर सगळ्या सिगार हवाबंद पिशवीत घालून ३ दिवस फ्रीझरमध्ये, मग १ दिवस फ्रिजमध्ये, त्यानंतरच बाहेर. थेट बाहेर काढल्या तर रॅपर फाटतं.

डिस्टिल्ड पाण्याबद्दल अर्धं मान्य. त्याने बुरशी थांबते हा गैरसमजच आहे, ती आर्द्रता आटोक्यात ठेवूनच थांबते. पण नळाच्या पाण्यातले क्षार पेटीला ओलावा देणाऱ्या स्पंजच्या छिद्रांत साचतात आणि काही महिन्यांत स्पंज निकामी होतो.

मिठाच्या चाचणीत ओलावा जास्त निघाला तर सिगार पंख्याखाली मांडू नका. रॅपर आधी सुकून आकसतं, आतला भाग फुगलेलाच राहतो आणि रॅपर उभं चिरतं. पेटीतला स्पंज काढा, ६५चं पाकीट ठेवा आणि दोन-तीन आठवडे थांबा.