भजनानं बीपी उतरतं काय?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर परवा वाजलं ते एका फॉरवर्डवरून. 'रोज अर्धा तास टाळ्या वाजवत भजन करा, बीपी-शुगरच्या गोळ्या कायमच्या बंद', असा मजकूर आणि खाली हात जोडलेली चार चित्रं. पाठवणारे बापू. साखर कारखान्यातनं रिटायर झालेले आणि गुरुवारच्या भजनी मंडळातले जुने टाळकरी.

मेडिकलवाले अण्णा आले तेच तापलेले. "बापू, असलं कायबाय पाठवत जाऊ नका. एखादा खरंच गोळ्या सोडंल आणि घरच्यांना त्याला घेऊन रात्री मिरजेच्या दवाखान्यात पळावं लागंल."

"मी कुठं सोडल्यात गोळ्या? फरक पडतो का नाही तेवढं बोला. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब प्लेगातनं कसे उठले? मिरजेच्या दर्ग्यात गाऊनच की."

"आख्यायिका आहे ती."

"कबर हाय की तिथं त्यांची! ती पण आख्यायिका?"

"कबर १९३७ ची. त्यानं प्लेग बरा झाल्याचं कसं सिद्ध होतं?"

यावर बापूंकडं उत्तर नव्हतं, पण बापू गप्प बसणाऱ्यातले नव्हेत. शेवटी सर मध्ये पडले. सर शाळेत विज्ञान शिकवतात आणि मोबाईलवर वाचलेलं बहुतेक खरंच निघतं, म्हणून कट्ट्यावर त्यांना मान. ते म्हणाले, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तीन हजारांहून जास्त अभ्यास गोळा करून कला आणि आरोग्य यावर अहवाल काढलाय, त्यात गाण्या-बजावण्याचाही भाग आहे.

"अभ्यास किती यापेक्षा कसले ते बघा," अण्णा म्हणाले. "दम्यासारखा फुफ्फुसाचा तो जुनाट आजार असतो ना, सीओपीडी, त्या पेशंटना गायला लावून काय होतं हे कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरचे वैद्यकीय अभ्यास पारखणाऱ्या संस्थेनं, २०१७ मध्ये तपासलं. धड अभ्यास सापडले तीन. माणसं सगळी मिळून ११२. तब्येतीत थोडी सुधारणा दिसली, पण पुरावा कच्चा, असं त्यांनीच लिहिलंय. ह्यावर तुम्ही गोळ्या बंद करायला निघालात."

मला अण्णांचं पटत होतं. पण सरांनी मग श्वासाचं काढलं. जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला साधारण सहावर येतो, असं इटलीतल्या डॉक्टरांनी मोजून २००१ मध्ये छापलंय. एरवी आपण बारा-पंधरा वेळा घेतो. अभंगाचा चरण ओढून म्हणायचा म्हणजे श्वास पटकन आत आणि सावकाश बाहेर. सोडणं लांबलं की नाडी मंदावते.

"हे मान्य," अण्णा म्हणाले. "तेवढ्यापुरतं. पण मग घरात बसून म्हणा की. मंडळ कशाला पाहिजे? मार्च २०२० ला अमेरिकेत एका गायनमंडळाच्या सरावाला ६१ जण जमले, त्यातले ५३ कोरोनानं आजारी पडले, दोघं गेले. बंद खोलीत तोंड उघडून एकत्र गाण्याचं हेही असतं."

"खोकणाऱ्याला आम्ही उठवतोच," बापू म्हणाले. "आणि आमचं मंडळ देवळाच्या ओसरीवर बसतंय, खोलीत न्हाई."

मंडळ कशाला, यावर सरांकडं एक भारी गोष्ट होती. ऑक्सफर्डच्या लोकांनी प्रौढांचे काही वर्ग सात महिने बघितले. काही गाण्याचे, बाकीचे हस्तकलेचे आणि लेखनाचे. गाणाऱ्यांची एकमेकांशी गट्टी लवकर जमली. मात्र सात महिन्यांनी सगळ्याच वर्गातली माणसं सारखीच जवळ आलेली.

"संपलं!" अण्णांनी टाळी दिली. "म्हणजे रमीचा डाव टाकला तरी तेच."

इथं बापू पहिल्यांदाच आवाज न चढवता बोलले. "आमच्यात एकजण हाय. बायको गेल्यापासनं बोलत नव्हता. रमीला बसवला असता तर दुसऱ्याच डावाला कोणतरी विचारलं असतं, का रं गप? भजनात कोण इचारत न्हाई. मृदंग्यानं धुमेला, मृदंगाच्या डाव्या तोंडाला, कणीक लावायला घेतली की ह्यानं पाणी आणून द्यायचं, मग टाळ घेऊन कडंला बसायचं. लई दिवस नुसता टाळ वाजवला. मग एकदा धृपद धरलं. आता चाल चुकली की आम्हालाच शिव्या घालतोय."

यावर कॉक्रेनवाल्यांचं म्हणणं काय असेल ते असो. माझ्यापुरता त्या संध्याकाळचा मुद्दा हाच. बोलायची सक्ती नसताना चार माणसांत बसता येणं आपल्याकडच्या पुरुषांना फार कमी ठिकाणी मिळतं, आणि गुरुवारी जागा रिकामी दिसली तर कोणीतरी घरी फोन करतं. यातलं गाण्याचं किती आणि गुरुवारचं किती, हे वेगळं काढणं सरांनाही जमलं नसतं.

तेवढ्यात कट्ट्यावरच्या पिंट्याला आपल्या गणेश मंडळाचं सुचलं. "मग डीजेपण सामुदायिकच की राव! सगळी गल्ली नाचतीय."

सर त्याच्यावर घसरले. राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आणि शंभर डेसिबलचा आवाज आठवड्याला वीसेक मिनिटांपलीकडं कानाला सोसत नाही. मिरवणूक किती तास चालते, पिंट्यानंच सांगावं. पिंट्या म्हणाला, यंदा बघू. तो दरवर्षी हेच म्हणतो.

मग चहाच्या गाड्यावरनं मावशी बोलल्या. "तब्येतीला एवढं चांगलं असंल तर बायकांना का बसवत न्हाई? वर्सभर गुरुवारी चहा आमचाच जातोय तिकडं."

बापूंनी घसा साफ केला. बायकांचं वेगळं मंडळ असतं, मंगळवारी असतं, वगैरे.

"मंगळवारी दुपारी तीनला. तवा माझा गाडा कोण बघणार?"

याचं उत्तर अण्णांनी दिलं. दुकान साडेनऊला बंद होतं, भजन दहाला ठेवलं तर मावशी येतील आणि तेही येतील. आले तर ऐकायला, गायला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. बापू म्हणाले, नऊची वेळ वडिलांच्या काळापासनंची हाय, आणि दहाला मृदंगी झोपतोय. मावशी म्हणाल्या, मग मृदंगी बदला.